घरगुती आठवणी आणि इतिहासाचें दप्तर : नांदेड-लातूरकडील आत्मवृत्तांचें परीक्षण

संशोधकाच्या हातीं एखादी सनद आली कीं तो प्रथम शिक्का पाहतो, मग तिथि जुळवितो, मग हस्ताक्षर ओळखण्याच्या उद्योगास लागतो. त्याच संशोधकाच्या हातीं एखाद्या वृद्ध गृहस्थानें वहीभर लिहून ठेविलेली स्वतःची हकीगत आली, तर तो दोन पानें चाळून ती परत करितो व "हें वाङ्मयवाल्यांचें काम" असा अभिप्राय देतो. ह्या दोन वर्तनांतील तफावत आम्हांस फार दिवस खटकत आली आहे. सनद एका दिवशीं, एका कचेरींत, एका कारकुनानें लिहिली; तींत राज्यानें काय दिलें तें कळतें. तें दान ज्याच्या घरीं आलें त्या घरांत पुढें काय घडलें, हें कळण्यास घरांतील माणसाच्या आठवणीवांचून दुसरें साधन बहुधा नसतें. प्रस्तुत लेखांत गोदावरी व मांजरा ह्या नद्यांच्या कांठच्या, म्हणजे हल्लींच्या नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या टापूंतील कांहीं छापील आत्मवृत्तें, आणि त्यांच्या मागें उभी असलेली न छापलेल्या आठवणींची रास, ह्यांचा साधन ह्या दृष्टीनें विचार करण्याचें योजिलें आहे. ग्रंथांच्या वाङ्मयीन गुणांविषयीं इतरत्र पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत भर घालण्याची आमची इच्छा नाहीं.

हा टापू निवडण्याचें कारण असें कीं, येथें कागद आणि माणूस ह्यांची ताटातूट जितक्या वेळां झाली तितकी महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागांत क्वचित् झाली असेल. पेशवाईचें दप्तर पुण्यास एकत्र राहिलें, व त्याच्या रुमालांवर विद्वानांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. निजामाच्या राज्यांतील मराठी मुलखाचे सरकारी कागद आधीं फारसींत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून उर्दूंत, व खालच्या पायरीवर मोडींत लिहिले गेले. त्यांचें केंद्र हैदराबादेस राहिलें. उदगीर तालुका १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यांत होता. लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांतील एक तालुक्याचें गांव होतें; स्वतंत्र लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. नांदेड जिल्ह्यांतील मुधोळ तालुका १९५६ च्या प्रांतरचनेंत आदिलाबादकडे गेला. तेव्हां एकाच घराण्याची जमीन उदगिराकडे, जुना निवाडा बीदरास, वरिष्ठ कचेरीची मिसल हैदराबादेस व लेकीबाळी तेलंगणांत, अशी स्थिति येथें नवलाची नाहीं. तीन राज्यांचे उंबरठे झिजविल्यावांचून अशा घराण्याचा कागदोपत्रीं इतिहास जुळत नाहीं, आणि इतके उंबरठे झिजविणारा संशोधक आजपर्यंत ह्या भागाच्या वाट्यास फारसा आला नाहीं.

लिपीची अडचण वेगळीच. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षण उर्दूंतून चाले, व त्या विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या वर्गांतही तोच क्रम होता. ह्या शिक्षणांतून तयार झालेल्या मराठी गृहस्थांचा हात उर्दू लिपीवर बसलेला असे, आणि कित्येक जण घरचा हिशेब व टिपणेंही त्याच लिपींत ठेवीत. ज्यांचा हात मोडीवर बसला होता ते मोडींत ठेवीत. नातवास देवनागरी व रोमन येते. आजोबांची वही त्याच्या कपाटांत असून ती त्यास मुकी आहे. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली व मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा दुष्काळ किती आहे हें सर्वांच्या ध्यानीं आलें. त्या शोधाच्या राजकीय बाजूशीं ह्या त्रैमासिकास कर्तव्य नाहीं. एवढेंच नमूद करितों कीं, एका शब्दासाठीं दप्तर उलथेंपालथें होत असतां त्या शब्दाच्या आसपासच्या ओळींकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. शब्द सांपडला कीं कागद पुन्हां फडक्यांत बांधला जातो.

स्वतःची हकीगत लिहिण्याची चाल आपल्याकडे केवळ इंग्रजी अमलांत आली, अशी एक समजूत आहे. जौनपुरास जन्मलेल्या बनारसीदास नांवाच्या जैन व्यापाऱ्यानें इ. स. १६४१ मध्यें 'अर्धकथानक' ह्या नांवानें आपल्या आयुष्याचीं पंचावन्न वर्षें पद्यांत लिहून काढिलीं. आपल्याकडे बहिणाबाईंनीं अभंगांतून स्वतःचा जीवनक्रम सांगितला. नाना फडणिसांनीं पानिपतच्या मोहिमेपर्यंतचें आत्मवृत्त थोडक्यांत पण विलक्षण मोकळेपणानें लिहिलें. परंतु आमच्या विषयास सर्वांत जवळचें उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडशांचें. १८५७ च्या धामधुमींत उत्तर हिंदुस्थानांत सांपडलेल्या ह्या भिक्षुकानें आपली हकीगत पुष्कळ वर्षांनीं, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, लिहून काढिली. वैद्यांनीं ती १९०७ सालीं 'माझा प्रवास' म्हणून छापिली. छापतांना भाषेवरून हात फिरविला, कांहीं मजकूर गाळला. वैद्य थोर विद्वान् होते, व त्यांच्यावांचून तें लिखाण जन्मासच आलें नसतें, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें गोडशांचें म्हणून जें वाचिलें त्यांत वैद्यांचें मराठी पुष्कळ होतें. १९६६ सालीं दत्तो वामन पोतदारांनीं मूळ हस्तलिखितावरून पाठ प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें गोडसे भटजी आपल्या तोंडानें बोलूं लागले. मूळ लिखाण कोणीं जपलें नसतें तर ही तपासणी करण्यास जागाच नव्हती.

ह्या प्रकरणांतून जी कसोटी निघते तीच आम्हीं पुढें वापरिली आहे. सांगणारा कोण, लिहिणारा कोण, मध्यें हात कोणाचा फिरला, आणि मूळ प्रत कोठें आहे?

निलंग्यास २७ ऑगस्ट १९१० रोजीं जन्मलेले सेतुमाधवराव पगडी ह्यांचें 'जीवनसेतु' (१९६९) ह्या कसोटीस प्रथम लावूं. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती. संशोधकांनीं लक्षांत ठेवावा असा हा योगायोग आहे. पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरींत होते. आदिलाबादच्या रानांत असतां त्यांनीं गोंडी भाषा शिकून तिचें व्याकरण लिहिलें. प्रांतरचनेनंतर ते मुंबईस आले व गॅझेटियरचें काम त्यांनीं पाहिलें. मोगल दरबारचीं बातमीपत्रें व फारसी तवारिखा त्यांनीं मराठींत आणिल्या, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. त्या तवारिखांत भीमसेन सक्सेना याची 'तारीखे दिल्कुशा' आहे. भीमसेन हा औरंगजेबाच्या फौजेबरोबर दक्षिणेंत आयुष्य घालविलेला कायस्थ लेखनिक. त्याची तवारीख निम्मी आत्मवृत्त आहे. मोहिमा सांगतां सांगतां तो स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगूं लागतो, आणि दरबारी इतिहासकारांपेक्षां तो अधिक खरा वाटतो तो नेमका त्यामुळेंच.

असा अनुवादक जेव्हां स्वतःचें चरित्र लिहावयास बसला, तेव्हां साधन म्हणजे काय हें त्यास कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. 'जीवनसेतु' चें खरें मोल असें कीं, निजामी राज्ययंत्राच्या आंत बसून पाहणारा मराठी डोळा आपणांस तेथें भेटतो. ह्या भागांतील बहुतेक राजकीय आठवणी त्या यंत्राशीं बाहेरून झुंजलेल्या माणसांच्या आहेत. दोन्ही प्रकारच्या साक्षी असल्या म्हणजे उलटतपासणी करितां येते, आणि पगडी नसते तर एक पक्ष जवळजवळ गैरहजर राहिला असता. उणीव दाखवावयाची तर ती इतिहासकाराच्या मापानेंच दाखवावी लागेल. पगडींच्या स्मरणशक्तीची ख्याति मोठी. पण ख्याति ही साक्ष होऊं शकत नाहीं. अमुक गोष्ट रोजनिशीवरून, अमुक पत्रावरून, अमुक केवळ आठवणीवरून, असें वाचकास जागोजाग समजावें ही अपेक्षा हा ग्रंथ सर्वत्र पुरी करीत नाहीं. सामान्य गृहस्थाच्या वहींत हें चालून जातें.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या हैदराबाद लढ्याच्या इंग्रजी आठवणी १९६७ सालच्या. सिंदगीस जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर संन्यास घेऊन रामानंद तीर्थ झाले. संन्याशाकडे घराची हकीगत मागणें अन्यायाचें होईल. तो ग्रंथ चळवळीचा आहे व चळवळीपुरता तो अव्वल दर्जाचा आधार आहे. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) नांवानें इतिहास. पण लेखक स्वतः लढ्यांतला, त्यामुळें आठवण व आधार हे त्यांत दुधांतील साखरेप्रमाणें विरघळले आहेत. गोडी वाढली, वेगळें काढणें मात्र अवघड झालें.

पुढाऱ्यांच्या ह्या ग्रंथांखालीं सामान्य सैनिकांच्या आठवणींचा थर आहे, आणि तो थर कोणत्या सांच्यांत ओतला गेला हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९७२ सालीं केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांसाठीं निवृत्तिवेतनाची योजना काढिली. खेड्यापाड्यांतील ज्या माणसानें जन्मांत चार ओळींचें पत्रही लिहिलें नव्हतें, त्यानें आपली हकीगत प्रथम लिहिली किंवा लिहवून घेतली ती बहुधा ह्या अर्जासाठीं. भूमिगत किती महिने, कोणत्या केंद्रावर, तुरुंगवास किती, साक्षीदार कोण, एवढेंच अर्ज विचारी. उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ रोजीं लुटण्यांत आली, तो दिवस दिल्लींत गांधीजींच्या खुनाचा. उमरीच्या माणसांस ती बातमी केव्हां व कशी कळली, त्या रात्रीं त्यांच्या मनाची स्थिति काय झाली, हें अर्जाच्या रकान्यांत बसत नाहीं. उदगीर तालुक्यांतील हत्तीबेटावर राहिलेल्या माणसांस भाकरी कोणत्या घरांतून येत, त्या थापणाऱ्या बाया कोण, त्यांचे धनी घाबरत असत कीं नाहीं, हेंही बसत नाहीं. पुढें तीच माणसें सविस्तर आठवणी लिहूं लागलीं तेव्हांही लेखणी अर्जाच्याच वळणानें गेली. असा मजकूर खोटा म्हणून टाकूं नये. तो अर्ज आहे हें ओळखून वाचावा. मध्ययुगीन महजर आपण ज्या सावधपणानें वाचतों तितकाच सावधपणा येथें पुरे.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. आमच्या वाचनांत आलेल्या बहुतेक मराठी आठवणी रझाकारांच्या जुलमाचें वर्णन तपशिलानें करितात, आणि तें केलेंच पाहिजे. ती पीडा खरी होती व ज्यांनीं ती भोगली त्यांनीं ती लिहिली. पण १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस आला, निशाण चढलें, कीं प्रकरण संपतें. त्यानंतरचे आठवडे जणूं कोणीं जगलेंच नाहीं. भारत सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल व त्यांचे सहकारी त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानांत फिरले. त्यांचें प्रतिवृत्त अनेक दशकें दप्तरांत राहिलें व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांस मोकळेपणीं पाहावयास मिळालें. पोलिस कारवाईच्या वेळीं व तीनंतर संस्थानांत सत्तावीस ते चाळीस हजार माणसें मेलीं असा त्यांचा अंदाज आहे, व सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हीं नांवें आहेत. तेव्हांचें लातूर उस्मानाबादेंत व उदगीर बीदरांत होतें हें वर सांगितलेंच. लातूरच्या मुसलमान वस्तीची जी स्थिति प्रतिवृत्तांत वर्णिली आहे ती वाचून मन सुन्न होतें. शेजाऱ्यांनीं शेजाऱ्यांस वांचविल्याच्या हकीगतीही त्यांतच नमूद आहेत.

समितीच्या आंकड्यांविषयीं वाद होऊं शकतो. आंकडे नेहमींच वादाचे असतात. वाद मिटविण्याचें साधन मात्र त्या गल्ल्यांतील घरांत आहे. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्या घरीं, ज्यांनीं कोणास माळ्यावर लपविलें त्यांच्या घरीं, आणि ज्यांच्या घरीं ह्या विषयावर बोलूं नये असा दंडक आहे त्यांच्याही घरीं. १९४८ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें तें आज नव्वदीच्या उंबरठ्याजवळ आहे. दखनी उर्दूंत सांगितली जाणारी ह्या घरांची हकीगत मराठी संशोधक ऐकावयास गेला नाहीं, आणि उर्दूंतून लिहिणारांनीं ती लिहिली असल्यास मराठी वाचकापर्यंत ती क्वचित् आली. ह्या विषयाची भीति आम्हांस कळते. परंतु पानिपतानंतर अडीचशें वर्षांनीं एकेक पत्र शोधणाऱ्या मंडळींनीं जिवंत साक्षीदार डोळ्यांदेखत जाऊं द्यावे, ह्यास काय म्हणावें?

आतां ज्यांच्या घरीं सनद नव्हती, रुमाल नव्हता, वंशावळीचा कागद नव्हता, त्यांच्याकडे वळूं. प्र. ई. सोनकांबळे ह्यांचें 'आठवणींचे पक्षी' १९७९ सालीं आलें; लक्ष्मण गायकवाड ह्यांचें 'उचल्या' १९८७ सालीं, व त्यास पुढच्याच वर्षीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. सोनकांबळे उदगीरकडचे, गायकवाड लातुराजवळच्या धनेगांवचे. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या स्नेह्यांच्या कपाटांत हीं दोन पुस्तकें असलीं तरी तीं कथाकादंबऱ्यांच्या फळीवर असतात. तीं साधनांच्या फळीवर असावींत असें आमचें मत आहे, आणि त्याचीं कारणें देतों.

'उचल्या' ज्या जमातींतून आलें तिच्यासारख्या जमातींविषयीं लिहिलेला जुना कागद शोधूं गेल्यास सांपडतो तो पोलिसांचा. इंग्रजी मुलखांत १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. हजेरी, परवाना, झडती ह्यांचीं बुकें भरलीं. तो कायदा १९५२ सालीं गेला. हीं बुकें म्हणजे त्या जमातींचें एकमेव दप्तर, आणि तें सर्वस्वी विरुद्ध पक्षानें लिहिलेलें. एका पक्षाच्या कैफियतीवरून निवाडा करूं नये हें आमच्या शास्त्राचें पहिलें सूत्र. गायकवाडांचें पुस्तक ही दुसऱ्या पक्षाची पहिली कैफियत होय. शाळेंत जाणारा जमातींतला पहिला मुलगा ती लिहितो, म्हणजे लिहितां येऊं लागल्यापासून एका पिढीच्या आंत ती लिहिली गेली. देशमुखी घराण्यांच्या कैफियती त्यांच्या मूळ पुरुषानंतर शें-दोनशें वर्षांनीं, बहुधा इनामचौकशीच्या धाकानें, लिहिल्या गेल्या आहेत. तरी आपण त्यांस प्रमाण मानितों.

सोनकांबळ्यांचें पुस्तक निराळ्या घडणीचें. आईबाप लहानपणींच गेलेला, बहिणीच्या आश्रयानें वाढलेला मुलगा येथें बोलतो. सलग चरित्र नाहीं. एकेक आठवण सुटी येते व सुटी जाते. कित्येकांस हा दोष वाटला. आमच्या मतें साधन ह्या दृष्टीनें हाच गुण. सलग चरित्र लिहिणारा दोन आठवणींमधली फट तर्कानें बुजवितो, आणि पुढें तर्क कोणता व आठवण कोणती हें त्यासही सांगतां येत नाहीं. सोनकांबळ्यांनीं फट तशीच ठेविली. शिवाय उदगीरकडची बोली त्यांनीं सोवळी केली नाहीं. कानडी व तेलुगूच्या शेजाराची ती बोली, तिचे क्रियापदांचे विकार, भाकरीचे, कपड्यांचे, शिव्यांचे शब्द भाषेच्या इतिहासकारास येथें आयते मिळतात. गोडशांची भाषा सुधारणारा हात येथें फिरला नाहीं हें मराठीचें भाग्य. ह्या दोन्ही पुस्तकांच्या मूळ वह्या कोठें आहेत, त्या कोणत्या संस्थेनें मागून घेतल्या, हें विचारणें संग्राहकांचें काम आहे.

उलट बाजूचा एक प्रकार हल्लीं बोकाळला आहे, त्याविषयीं दोन शब्द. साठीस, पंच्याहत्तरीस किंवा निधनानंतरच्या वर्षश्राद्धास घरचीं माणसें एक गुळगुळीत पुस्तिका छापितात. आरंभीं पुढाऱ्यांचे शुभसंदेश, मग रंगीत चित्रें, मग "अतिशय कष्टाळू व प्रेमळ" अशी वीस जणांची एकच साक्ष. भाऊबंदकीचा खटला, बुडालेला अडत्याचा व्यवहार, बहात्तरच्या दुष्काळांत रोजगार हमीच्या खडीवर गेलेले हात, घर सोडून गेलेला भाऊ, ह्यांतलें कांहीं नाहीं. कोंकणस्थ घराण्यांनीं गेल्या शतकांत मोठाले कुलवृत्तांत छापिले, त्यांतही स्तुति आहेच. पण निदान जन्म-मृत्यु, गांव व सोयरिका ह्यांच्या नोंदी मेहनतीनें जमविल्या आहेत. ह्या पुस्तिकांत तेंही नसतें. म्हातारीनें नातीस दुपारीं सांगितलेलें अर्धा तासाचें बोलणें अशा शंभर पृष्ठांहून अधिक वजनाचें ठरेल.

म्हातारीचा उल्लेख सहज केला नाहीं. आपल्या वंशावळी बापाकडून मुलाकडे उतरतात. लेक कोठें दिली, सून कोठून आली, हें त्यांत बहुधा नसतें. ह्या सरहद्दीच्या मुलखांत तर सोयरिकांचें जाळें बीदर, निझामाबाद, आदिलाबादपर्यंत पसरलेलें. कोणत्या वर्षापर्यंत लेकी तिकडे दिल्या जात होत्या व केव्हांपासून थांबल्या, हें कळलें तर १९५६ ची रेघ माणसांच्या आयुष्यांतून कशी गेली तें दिसेल. तें सारें बायकांच्या स्मरणांत आहे. पडताळा घेण्यास नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांचीं बाडें आहेत. यजमानानें स्वहस्तें लिहिलेलीं नांवें, गांव व आप्त त्यांत पिढ्यान् पिढ्या सांपडतात, पुष्कळदां मोडींत. आठवण व बाड समोरासमोर ठेवून जुळविलेलें एखादें घराणें ह्या पानांत प्रसिद्ध व्हावें, अशी आमची इच्छा आहे.

किल्लारीच्या भूकंपानें ह्या कामास एक निराळीच निकड आणिली, व ती अजून भागलेली नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति बोळविलेल्या रात्रीं, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांचा तो पट्टा कोसळला. मृतांचा आंकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें. ज्या भिंतींनीं माणसें मारिलीं त्याच भिंतींतील देवळ्यांत व कोनाड्यांत, माळवदाखालच्या पेट्यांत घराचे कागद असत. ढिगारा उपसणारांनीं माणसें शोधलीं, भांडीं शोधलीं. फडक्यांतील कागद शोधण्याची ती वेळ नव्हती. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं. नवीं घरें जमीनधारणेच्या मानानें अडीचशें, चारशें व साडेसातशें चौरस फुटांचीं दिलीं व आंखीव रस्त्यांवर बांधलीं. त्यामुळें जुनी गल्ली मोडली. कोणाच्या वाड्यास कोणाची भिंत लागून होती, पार कोठें, आड कोणाचा, वेशींतून आंत येतांच पहिलें घर कोणाचें, हा गांवाचा नकाशा आतां केवळ माणसांच्या डोक्यांत आहे. ज्यानें जुन्या किल्लारींत संसार केला त्याच्यापुढें कोरा कागद ठेवून त्यास गल्लीच्या रेघा ओढावयास लावावें. एकेका घरावर तो बोट ठेवील व घरागणिक एकेक हकीगत निघेल. प्रश्नांच्या छापील यादीनें हें साधत नाहीं.

लिहून घेणारानें कांहीं पथ्यें पाळावींत. सांगणाराची बोली बदलूं नये. तो थांबला तर थांबला असें लिहावें. ध्वनिमुद्रण केलें तरी कागदावरही उतरवावें, कारण दहा वर्षांपूर्वींचें यंत्र आज चालत नाहीं व शंभर वर्षांपूर्वींचा कागद चालतो. वहीच्या पहिल्या पानावर सांगणाराचें नांव व वय, जागा, दिवस, ऐकावयास कोण बसलें होतें, हें घालावें. मुलासमोर सांगितलेली व सुनेसमोर सांगितलेली हकीगत एक नसते. घरांतील जिवंत माणसास अडचणीचा मजकूर असेल तर पाकिटांत बंद करून वर वर्ष घालावें व तोंपर्यंत उघडूं नये असें लिहावें. फाडून मात्र टाकूं नये.

काळाची मोजणी हा ह्या भागांतील सर्वांत नाजूक भाग. जुनीं माणसें सन सांगत नाहींत. मानमोडींत, रझाकारींत, बहात्तरला, भूकंपाआधीं, असें सांगतात. हे खुंटे पक्के आहेत व त्यांवर बाकीच्या गोष्टी टांगतां येतात. ज्यांनीं लिहून ठेविलें त्यांनीं फसली सन घातला आहे. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. पण निजामी फसली वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई, त्यामुळें जानेवारीनंतरच्या महिन्यांस ५९१ मिळवावे लागतात. महिनेही आजूर, दै, बहमन, अस्फंदार असे इराणी. एखाद्या वहींत "आबान १३५७" एवढेंच लिहून पुढचीं चार पानें कोरीं सोडलेलीं आढळलीं, तर तीं रद्दींत घालण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असावें कीं, आबान हा त्या वर्षाचा अखेरचा महिना, आणि त्याचे पहिले आठवडे म्हणजे सप्टेंबर १९४८.